धुरीचं जळण: बेळगावच्या हवेत फोडायचं कधी, रचायचं कसं, पावसाळ्यात राखायचं कसं

बेळगाव भागात लाकूड वाळवणं अवघड नाही. दिवाळीनंतर सुटणारा कोरडा पूर्वेचा वारा आणि मार्च-एप्रिलचं ऊन ते काम जवळजवळ फुकटात करून देतात. अवघड आहे ते वाळलेलं जळण मृगापासून हस्तापर्यंत वाळलेलं राखणं. स्मोकरवर, म्हणजे मांस तासन्‌तास मंद धुरात शिजवायच्या भट्टीवर, मांस करणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा इथंच फिसकटतं. मे महिन्यात टणटणीत वाजणारी बाभळीची फोड ऑगस्टमध्ये पेटायला तयार नसते. पेटलीच तर पांढरा दाट धूर सोडत बसते, आणि सहा-सात तास धुरीत ठेवलेल्या बोकडाच्या मांडीला काजळीची कडवट चव येते. दोष मग मसाल्याला लागतो, नाहीतर खाटकाला.

पुढचं सगळं बाजूला वेगळी भट्टी असलेल्या, निव्वळ लाकडावर चालणाऱ्या स्मोकरसाठी आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाड पाइपाचा बनवून घ्यावा तसा. कोळसा पेटवून वर दोन ढलप्या टाकणाऱ्यांना यातलं निम्मं पुरे, कारण त्यांची उष्णता कोळशातून येते. लाकूडच इंधन आणि लाकूडच मसाला असेल तेव्हा मात्र ओलीचा हिशेब चुकवून चालत नाही.

ओल किती हवी

लाकडातली ओल टक्क्यांत सांगतात ती निव्वळ कोरड्या लाकडाच्या वजनाशी तोलून. समजा, एका फोडीत 1 किलो कोरडं लाकूड आणि 600 ग्रॅम पाणी आहे. ओल झाली 60 टक्के. तीच फोड वाळत वाळत 1,180 ग्रॅमवर आली की ओल उरली 18 टक्के. (वखारीतून ओलं लाकूड वजनावर घेणाऱ्यांनी हेच गणित उलटं करून बघावं: 60 टक्के ओलीच्या एका क्विंटलमध्ये 37 किलोच्या वर नुसतं पाणी असतं, आणि त्याचेही पैसे आपणच मोजतो.)

धुरीला 15 ते 20 टक्के ओल चांगली. वीसच्या वर गेली की भट्टीतली उष्णता आधी पाणी उकळण्यात खर्ची पडते. आग थंड राहते, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत, आणि डांबरासारखा काळा चिकटा धुराड्यात तसाच मांसावर बसतो. धुरीचा म्हणून जो खमंग वास असतो, तो लाकडाच्या धाग्यांना बांधून ठेवणारं लिग्निन तापून फुटताना तयार होणाऱ्या ग्वायकॉल आणि सिरिंगॉल या संयुगांचा असतो. त्यासाठी आग लहान पण स्वच्छ हवी. धुमसणाऱ्या आगीतही ही संयुगं निघतात, पण सोबत इतकं काही नको ते येतं की वास झाकून जातो.

दुसऱ्या टोकाला, दहाच्या खाली गेलेलं लाकूड भडकून जळतं. भट्टी एकदम चढते, धूर जेमतेम येतो, आणि 120 अंशांवर धरायचा स्मोकर 160 वर जाऊन बसतो.

आता इथल्या हवेचा मुद्दा. लाकूड एकदा वाळलं की वाळलेलंच राहतं, असं नाही. ते हवेशी सतत देवघेव करत असतं. आपल्याकडच्या तापमानात हवेतली आर्द्रता 40 टक्के राहिली तर लाकूड 7-8 टक्के ओलीवर जाऊन थांबतं. आर्द्रता 65 असेल तर 12 च्या आसपास, 80 असेल तर 16, आणि 90 असेल तर 20. म्हणजे छपराखाली ठेवलेलं, पावसाचा एक थेंबही न लागलेलं लाकूड आषाढात आपोआप 18-20 कडे सरकतं. आणि एप्रिलच्या दुपारी अंगणात पडलेल्या बारीक फोडी आठवर जातात.

यातून निघणारी गोष्ट एकच, पण सगळी आखणी तिच्यावर बेतायची: मृगाच्या तोंडाला फोडीच्या पोटातली ओल 12-13 पर्यंत उतरलेली असली पाहिजे. मग पावसाळाभर ती हळूहळू चढून 17-18 ला पोचते, आणि ते आपल्याला हवंच आहे. मे अखेरीस 25 वर असलेलं लाकूड मात्र चार महिने तिथंच अडकतं, पांढरी-हिरवी बुरशी धरतं आणि दसऱ्याला बंबात घालायच्या लायकीचं उरतं.

कुठलं लाकूड

यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत सांगतो: नीट वाळलेली साधी बाभूळ ओल्या पेरूपेक्षा कधीही सरस. तरी निवड असते, ती अशी.

बाभूळ आपल्याकडचं मुख्य जळण. निखारा टिकतो, धूर ठसठशीत. बोकड आणि डुकराला उत्तम, कोंबडीला जरा जास्त होतो. सालीत टॅनिन भरपूर (कातडी कमावायला ती वापरतात ती यामुळंच), म्हणून धुरीसाठी साल काढलेली बरी. वाळल्यावर ती कोयत्याच्या टोकानं सहज सुटते. खोडावर डिंकाचे खडे असतील तर तेही खरवडून टाकावेत.

अथणी-रायबागकडं वेडी बाभूळ माळरानावर माजलेली आहे. अमेरिकेत मांसाच्या धुरीसाठी जे मेस्किट नावाजलेलं आहे, त्याच्याच कुळातलं हे झाड. धूर तिखट, उष्णता जबर. तोडली तर शेतकरी दुवा देईल. फक्त काटे सांभाळा, गाडीच्या टायरमधून आरपार जातात.

पेरू आणि जांभूळ सौम्य. कोंबडी आणि माशाला हीच घ्यावीत. आंबा मधला, मिळायला सोपा, पण किडीला आणि बुरशीला सगळ्यांत आधी बळी पडणारा. चिंच जड, निखारा सुरेख, फोडताना मात्र घाम काढते. काजू खानापूर-चंदगड पट्ट्यात मुबलक. ओल्या लाकडाचा चीक अंगाला लागू देऊ नका आणि काजूची टरफलं भट्टीत चुकूनही टाकू नका, त्यातलं तेल दाहक असतं. सुरूचं लाकूड उष्णतेला उत्तम, वासाला बेताचं.

नको ती लाकडं जास्त महत्त्वाची. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा नको. बिब्बा खानापूरच्या रानात सर्रास दिसतो. त्याच्या चिकानं अंगावर फोड उठतात, त्याचा धूरही घ्यायचा नाही. बांधावरचं गिरिपुष्प, कुंपणाचा शेर, काजू सोडला तर चिकाचं काहीही वर्ज्य. नीलगिरीनं मांसाला औषधी बामाचा वास येतो, कडुलिंबानं कडवटपणा. साग तेलकट, आणि खोक्यांच्या पाइनमध्ये राळ असते.

यापेक्षा धोक्याचं म्हणजे वखारीत मिसळून येणारं जुनं लाकूड. रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूड, सनमायका लावलेले तुकडे, आणि लोंढ्याकडून कधीमधी स्वस्तात येणारे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. ते किडू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं विषारी तेल) मुरवलेलं असतं. दिसायला काळेभोर, जड आणि 'मुरलेले' दिसतात, म्हणूनच फसगत होते. ते बंबातही नकोत.

आणायचं कुठून

कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या रानातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, वेडी बाभूळ अशा काही जातींना त्यातून सूट आहे. साध्या बाभळीला, आंब्याला, चिंचेला ती गृहीत धरू नका, वनखात्यात विचारून घ्या. सीमेपलीकडून चंदगड-आजऱ्याहून टेम्पो भरून आणायचा बेत असेल तर वाहतूक पासाचं आधी बघा. खानापूर तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथली पडलेली काटकीही उचलायची नाही.

सगळ्यांत बिनकटकटीचा मार्ग म्हणजे बागेतली छाटणी. पण इथं एक मेख आहे. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर होते. ओला आंबा आणि जूनची हवा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. पंधरवड्यात लाकूड काळंनिळं पडायला लागतं. असं लाकूड मिळालं तर हावरटपणा न करता फक्त मनगटाएवढ्या फांद्या घ्या, लगेच तोडून-फोडून वाऱ्याच्या सोप्यात पसरून ठेवा, आणि ऑक्टोबरात उघडीप मिळाली की पुन्हा तपासा. निम्मं वाया जाईल हे धरून चाला. त्यापेक्षा जुनं, वठत आलेलं झाड मालक परवानगीनं उतरवणार असेल, तर त्याला कार्तिकापर्यंत थांबायची गळ घाला.

तोडणं आणि फोडणं

वेळापत्रक साधं. दिवाळी ते मार्गशीर्ष या काळात लाकूड घरात यायला हवं, आणि आल्यावर पंधरा दिवसांत फोडून व्हायला हवं. पुढं रोहिणी नक्षत्रापर्यंत जवळपास सहा महिने मिळतात. पेरू-आंब्याच्या बारीक फोडींना तीन-चार महिने पुरतात. बाभूळ, चिंच, सुरूला सगळेच्या सगळे लागतात. फेब्रुवारीनंतर आणलेली ओली चिंच यंदाच्या पावसाळ्यासाठी धरूच नका, ती पुढच्या सालाची.

आख्खे ओंडके आणून 'नंतर फोडू' म्हणून ठेवणं हीच सगळ्यांत मोठी दिरंगाई. सालीतून पाणी जवळजवळ बाहेर पडत नाही. शिवाय ओली बाभूळ दोन घावांत फुटते, वाळलेली कुऱ्हाडीलाच अडकवून ठेवते. चिंचेच्या धाग्यांना तर पीळ असतो. तिथं कुऱ्हाडीचा नाद सोडून पाचर आणि घण घ्या, आणि गाठीचा भाग बाजूला टाका.

लांबी 30 ते 40 सेंटिमीटर. भट्टीत मावते म्हणून तर आहेच, पण खरं कारण वेगळं: लाकडातलं पाणी धाग्याच्या दिशेनं, म्हणजे फोडीच्या दोन्ही तोंडांतून, आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पटींनी भरभर बाहेर पडतं. लांबी निम्मी केली की पाण्याची वाट निम्मी होते. जाडी 5 ते 8 सेंटिमीटर. त्याहून जाड फोड पेटायला वेळ घेते आणि तेवढा वेळ धुमसते. प्रत्येक खेपेत काही फोडी दोन-तीन सेंटिमीटरच्या काढून ठेवा, आग उतरायला लागली की त्या कामाला येतात. तोंडाला भेगा पडायला लागल्या तर घाबरायचं कारण नाही. आपल्याला दिवाण करायचा नाही. भेग म्हणजे पाण्याला आणखी एक दार.

रचायचं कसं

जागा अशी निवडा की हिवाळ्याचा वारा आडवा आरपार जाईल. हिवाळी वारा पूर्वेकडून, पाऊस पश्चिमेकडून. म्हणून रांग दक्षिणोत्तर धरायची, म्हणजे तिच्या लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. घराच्या भिंतीला चिकटून रचू नका. मागं हातभर जागा मोकळी हवी, वाऱ्यासाठी आणि वाळवी दिसावी म्हणूनही.

बुडाला तांबडे चिरे सगळीकडं मिळतात आणि कामालाही बरे, पण चिरा पाणी शोषतो आणि वर चढवतो. परड्यात नुसत्या चिऱ्यावर रचलेल्या रांगेची खालची फोड उचलून बघा: वरच्या अंगाला फिकट, कोरडी, चिऱ्याला टेकलेल्या अंगाला गर्द, हाताला गार, आणि नखानं दाबलं तर साल सोलून येईल अशी. म्हणून चिऱ्यांवर आधी जुन्या पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी, त्यावर दोन आडवे बांबू किंवा लोखंडी पाइप, आणि मग लाकूड. जमिनीपासून किमान वीतभर उंची हवी.

एकेरी रांगच लावा. दोन रांगा एकमेकींना खेटून लावल्या की मधल्या बाजू वाळत नाहीत. दोन्ही टोकांना फोडी एकाआड एक उभ्या-आडव्या रचून खांब करायचे, मधल्या भागात सैल भरायचं. फार चापूनचोपून बसवण्याची हौस नको, उंदीर जाईल एवढी फट राहू द्या. 2 मीटर लांब, 1.2 मीटर उंच आणि फोडीच्या लांबीएवढी, म्हणजे 40 सेंटिमीटर रुंद रांग साधारण 1 घनमीटर भरते. वाळलेल्या बाभळीचं ते 400 किलोच्या आसपास जळण झालं. मध्यम भट्टी तासाला दीड-दोन किलो खाते. आठ तासांची एक धुरी म्हणजे 14-15 किलो. आता आपल्याला किती हवं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण महिन्यातून दोनदा स्मोकर पेटवणाऱ्याला एक रांग वर्षभर पुरून उरते.

वर छप्पर हवं, पण फक्त वर. शेणीची हुडवी (शेणींचा रचलेला ढीग) सगळीकडनं शाकारतात, कारण शेणी आधीच वाळलेल्या असतात. लाकडाला ते लागू नाही. ताडपत्री वरून खालपर्यंत ओढून दोरीनं आवळली की आतली वाफ आतच राहते, आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा ताडपत्रीच्या पोटाला थेंब लोंबकळताना दिसतात. कौलं असतील तर सर्वांत चांगलं. खानापूरची जुनी उतरवलेली कौलं कुठंही मिळून जातील. पत्रा घातला तर रांगेच्या माथ्यापासून एक फूट वर घ्या, कारण थंडीत पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि टपकतं. वळचण दोन फुटांची ठेवा. वळवाचा पाऊस तिरका येतो. एप्रिल-मेमध्ये तो आला आणि बाहेरच्या फोडी भिजल्या तर मनाला लावून घेऊ नका, ते पाणी वरवरचं असतं आणि तीन-चार दिवसांत उडून जातं.

वाळलं का, हे कसं ओळखायचं

दोन फोडी एकमेकींवर आपटा. वाळलेल्या असतील तर आवाज खणखणीत, ओल्या असतील तर बद्द. रंग फिका पडलेला, तोंडाला भेगा, साल सुटलेली, वजन हलकं. या खुणा बाहेरच्या थराबद्दल खरं सांगतात, पोटाबद्दल नाही. पोटाचं कळायला फोड पुन्हा फोडावी लागते. ताजा फुटलेला भाग गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

दोन सुयांचं ओल मोजण्याचं मीटर ऑनलाइन मिळतं. ते वापरायचं असेल तर फोडीच्या तोंडाला किंवा सालीवर सुया टोचून समाधान करून घेऊ नका. फोड मधोमध चिरा, आणि ताज्या आतल्या पृष्ठावर, लांबीच्या मध्यावर, सुया धाग्याच्या दिशेत येतील अशा टोचा. बाभळीसारख्या जड लाकडात आकडा दोन-तीन टक्के इकडंतिकडं होतो, तेवढं सोडून द्यायचं.

माझा भरवसा मात्र तराजूवर. प्रत्येक खेपेतल्या तीन फोडी निवडायच्या, एक बारीक, एक मध्यम, एक जाड. तोंडावर खडूनं अ, ब, क लिहायचं, किराणा दुकानातल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करायचं, वहीत तारीख घालून टिपायचं, आणि फोडी रांगेच्या मधोमध खोचायच्या, काठाला नव्हे. मग दर पंधरवड्याला वजन. सुरुवातीला आकडा झपझप उतरतो, पुढं रेंगाळतो. लागोपाठ दोन वजनांत फरक पडला नाही की हवेनं द्यायचं ते देऊन झालं.

नेमका टक्का हवा असेल तर घरातला ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) पुरतो. फोडीच्या मधल्या भागातून 100 ग्रॅम ढलप्या काढा, 103 ते 105 अंशांवर ठेवा, तासातासानं वजन करा आणि वजन थांबलं की बंद करा. समजा 82 ग्रॅम भरल्या. गेलेलं पाणी 18 ग्रॅम, ते 82 नं भागलं की 22 टक्के. (18 नव्हे. भागायचं ते कोरड्या वजनानं.) ओटीजीपासून हलू नका, ढलप्या करपायला लागल्या तर तापमान जास्त झालं समजा.

पावसाळा

रोहिणी लागली की कामाला लागायचं. पश्चिमेची बाजू बंद करा: बांबूची तट्टी, जुना पत्रा, नाहीतर दुहेरी शेडनेट. ते लाकडाला टेकू देऊ नका, मध्ये वीतभर अंतर ठेवा, आणि खाली-वर फट सोडा. पूर्वेची बाजू पावसाळाभर उघडीच. झड पश्चिमेकडनं मारते, उघडीप पडली की वारा पूर्वेच्या अंगानं आत शिरतो.

एवढ्यानं बेळगाव शहर आणि खानापूर गावठाणात निभावतं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडंही. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना तर हवेतला दमटपणा हाताला कसा लागतो हे सांगायला नको; पान कधी कडक आणि कधी नरम पडतं, ते ओळखणाऱ्याला लाकूडही ओळखता येतं. अथणी-रायबागकडं पाऊस मुळातच तुटपुंजा, तिथं नुसतं छप्पर पुरतं. बिदरच्या भालकी-औराद भागात उलट अडचण, उन्हाळ्यात लाकूड अति वाळतं. तिथं फोडी जरा जाड ठेवा आणि रांग सावलीत लावा.

जांबोटी-कणकुंबी आणि खाली जोयड्याच्या बाजूला मात्र गोष्ट वेगळी. तिथं जून ते सप्टेंबर हवाच पाण्यानं भरलेली, धुकं दारातून आत येतं. उघड्या छपराखालचं लाकूड वीसच्या पुढं जातंच. तिथं माझा सल्ला एकच: मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी, पावसाळ्यापुरतं लाकूड हवाबंद करून टाका.

त्यासाठी झाकणाला लोखंडी कडं असलेला 200 लिटरचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या. त्यात आधी खाण्याचं काहीतरी, लोणचं किंवा गर वगैरे असलेला. औषधाचा, रसायनाचा, तेलाचा बिलकूल नको. धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात तापवून घ्या. दुपारी, लाकूड सर्वांत कोरडं असताना भरा. 60-70 किलो बसतं, म्हणजे चार-पाच धुऱ्यांची सोय. अट अशी की भरताना पोटातली ओल 15 च्या आत असलीच पाहिजे. ओलं लाकूड हवाबंद केलं तर आठवड्यात बुरशी. आणि 10-12 वर बंद केलेलं लाकूड थेट भट्टीत टाकलं तर भडकतं, म्हणून धुरीच्या तीन-चार दिवस आधी लागतील तेवढ्या फोडी बाहेर काढून सोप्यात ठेवा. आषाढाची हवा त्यांना नेमकं तेवढंच पाणी पाजते. झाकण लगेच पुन्हा आवळा.

ड्रम नसेल तर घरातली कोरडी जागा शोधा. चुलीच्या वरची फळी, बंबामागचा कोपरा. पुढच्या दोन धुऱ्यांची लाकडं आठ-दहा दिवस तिथं राहिली की दोन-तीन टक्के सहज उतरतात. चुलीला खेटून मात्र नको. वाळलेली बाभूळ ठिणगीची वाटच बघत असते.

श्रावणात ऊन पडलं की रांगेच्या पूर्वेच्या अंगाच्या फोडी काढून अंगणात पसरायचा मोह होतो. सर येते आणि पळापळ होते. त्यापेक्षा पश्चिमेची तट्टी दुपारपुरती काढून ठेवा.

कीड, वाळवी आणि बाकीचे पाहुणे

लाकडाखाली पिठासारखा भुगा दिसला की भुंगेऱ्यानं पोखरायला घेतलं समजा. आंबा आणि बाभळीचा बाहेरचा फिका भाग त्याला आवडतो. ती फोड आधी वापरा, नाहीतर रांगेतून बाहेर काढा. फार लागण असेल तर ती खेप एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर दोन-तीन दिवस पालटत ठेवा.

वाळवीसाठी लोक बुडाला कीटकनाशक शिंपडतात, नाहीतर गाडीचं जळकं तेल फासतात. धुरीच्या लाकडाला यातलं काहीही लागता कामा नये. लाकडात मुरलेलं औषध धुरातून मांसावर येणार. चिऱ्यांवर मातीच्या नळ्या चढताना दिसल्या की खरवडून काढायच्या. उंची आणि मोकळी मागची बाजू एवढाच उपाय, आणि तो पुरतो.

बुरशीचं म्हणाल तर, वरवर पांढरी पावडर असेल तर ब्रशनं झाडून उन्हात वाळवा आणि बंबात घाला. मांसासाठी नको. फोड हातात हलकी आणि भुसभुशीत लागली तर ती कुजलेलीच, जळूनही उपयोगाची नाही.

पावसाळ्यात रांगेत विंचू असतो, घोणस आणि मण्यारही असू शकते. फोड काढण्याआधी काठीनं रांगेवर चार ठोके, हातमोजे, आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय हात घालायचा नाही. पोरांना 'जा, दोन फोडी आण' म्हणून पाठवू नका.

धुरीच्या दिवशी

सकाळी लागणाऱ्या फोडी निवडून भट्टीजवळ ठेवा, आणि पुढची एक-दोन कायम भट्टीच्या पाठीवर तापत ठेवा. तापलेली फोड भट्टीत पडल्या पडल्या पेट घेते, धुमसत नाही. आधी निखारे तयार करा, मग अर्ध्या-पाऊण तासाला एक फोड. नवी टाकली की दोन-चार मिनिटं पांढरा धूर येणारच. त्यानंतर धुराड्यातून पातळ, निळसर, उन्हात धरला तरच दिसेल असा धूर यायला हवा. पांढरं दाट लोट दहा मिनिटांनीही चालूच राहिले तर भट्टीचं दार उघडून हवा द्या. तरीही थांबेना तर ती फोड चिमट्यानं काढा आणि दुसरी घाला. मांस आत असताना ओल्या फोडीवर दया दाखवायची नाही.

ढलप्या पाण्यात भिजवून घालायची पद्धत पुष्कळ जण सांगतात. पाणी लाकडात आत शिरत नाही, वरचा थर ओला होतो आणि तेवढं पाणी उडेपर्यंत नुसती वाफ निघते. सहा महिने वाळवलेलं लाकूड पुन्हा भिजवण्यात काय मतलब?

दसरा झाला की रांग मोजा. उरलेलं जळण पुढं काढा, तोंडावर खडूनं साल लिहा, तेच आधी वापरा. दोन-तीन वर्षं पडलेलं लाकूड जळतं उत्तम, पण वास उतरलेला असतो. त्याच्यावर निखारे करा आणि धुरासाठी यंदाच्या फोडी ठेवा. मग पश्चिमेची तट्टी सोडवून माळ्यावर टाका, चिऱ्यांवरची पट्टी उचलून खालची माती झाडून घ्या, आणि नवी लाकडं यायच्या आधी दोन दिवस ती जागा उन्हात उघडी राहू द्या.